तीनशे सदतीस नंबरचा नकाशा

१

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता प्राध्यापक दातारांनी सात नंबरचा खण ओढला, मलमलीचं वेष्टन सोडलं, आणि आत निघाला कोरा करकरीत ड्रॉइंग पेपर. लांबी-रुंदी अगदी नकाशाएवढी. नकाशाचा मात्र पत्ता नव्हता.

दातार स्टुलावर बसले. शेजारी उभ्या असलेल्या सुभेदार सहादू धात्रकांनी तो कागद उलटसुलट पाहिला, उजेडात धरला आणि परत होता तसा ठेवला. तोफखान्याच्या सर्व्हे शाखेत वीस वर्षं काढलेला माणूस कागदाला घाबरत नाही. पण त्या सकाळी सुभेदार घाबरले, कारण त्या नकाशावर चौदा घरांची जमीन होती.

घोटीच्या पलीकडचं आसणओहोळ हे गाव धरणात जाणार होतं. गावातल्या चौदा बौद्ध घरांची ओढ्याकाठची जुनी इनामी जमीन दप्तरात गायरान म्हणून लागली होती आणि दप्तरातला मूळ नकाशा वाळवीने कधीच फस्त केला होता. जमीन होती असं सिद्ध झालं तर तिच्या बदली जमीन मिळणार. नाही तर घरापुरता तुकडा देऊन बोळवण. अशात दातारांना रद्दीच्या एका गाठोड्यात शंभर वर्षांपूर्वीचा, हाताने काढून कापडावर डकवलेला गावचा नकाशा सापडला. लाल रेघांनी आखलेले चौदा तुकडे, प्रत्येकात खातेदाराचं नाव. नक्कल चालणार नाही, मूळच आणा, असं पुनर्वसन अधिकाऱ्याने बजावलं होतं. शेवटची सुनावणी सोमवारी अकरा वाजता होती.

"पोलिसांत गेलो तर आपला वर्ग बंद पडेल," दातार कसंबसं म्हणाले. "सोमवारपर्यंत तुम्हीच बघा, सुभेदार."

वर्ग म्हणजे विद्यापीठाचा प्रमाणपत्र वर्ग: नकाशाशास्त्र आणि संग्रहालय-कार्य. एकोणऐंशी साली नाशकात हे नाव एका दमात म्हणणारा माणूस सापडणं कठीण होतं. कॉलेजच्या भूगोल विभागामागे दोन खोल्यांचं संग्रहालय, फोटो धुवायची एक अंधारी खोली आणि दिवसभर नोकरी करून संध्याकाळी पाचला येणारे अकरा विद्यार्थी. दातार संग्रहालय शिकवत. नकाशे शिकवायला देवळाली कॅम्पातून निवृत्त सुभेदार सायकल हाणत येत, आणि पेन्शनीतल्या माणसाला एवढा मान कुठे मिळतो म्हणून मनापासून शिकवत.

सुभेदारांनी वेष्टनाची नाडी बोटाभोवती गुंडाळली. नाडी रुंद होती आणि तिचं फुलासारखं बो बांधलेलं होतं, कडेला, म्हणजे गाठीचा वळ कागदावर उमटू नये. कोऱ्या कागदाखाली नवा टिश्यू पेपर होता, आणि कोपऱ्यात कापराच्या दोन वड्या.

चोराने कोऱ्या कागदाची एवढी बडदास्त का ठेवावी, हे काही त्यांना कळेना.

२

शुक्रवारी पाच ते सात प्रात्यक्षिक होतं. तेव्हा सगळे खण उघडे असत, कारण विद्यार्थी वस्तूंवर नंबर घालायला शिकत. आधी लाखेचा पातळ हात, त्यावर चायना इंकने बारीक नंबर, त्यावर पुन्हा लाख. आसणओहोळच्या नकाशाच्या पाठीवर तीनशे सदतीस हा नंबर याच वर्गाने घातला होता. त्या शुक्रवारी दातार पुण्याला गेले होते, सुभेदारांचा तास नव्हता, आणि वर्गावर देखरेख मॉनिटर सिंधुबाई गांगुर्डेंची होती.

पहिला संशय दातारांचाच घ्यायला हवा होता, आणि सुभेदारांनी तो घेतला. गेले पंधरा दिवस दातार धुसफुसत होते. मूळ नकाशा कचेरीत गेला की कारकुनांच्या चहाचे डाग घेऊन परत येईल, किंवा येणारच नाही, असं ते येता-जाता म्हणत. पण दातार शुक्रवारी खरोखर पुण्यात होते; एस.टी.चं तिकीट त्यांनी न विचारता पुढे केलं, आणि अपमानाने त्यांचे डोळे भरून आले. सुभेदारांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसरा काळू मेंगाळ, शिपाई. किल्ली त्याच्याकडे. काळू मूळचा इगतपुरीच्या डोंगरातला, खोटं बोलायचं झालं तर जमिनीकडे बघायचा. आत्ताही तो जमिनीकडेच बघत होता.

"म्या खणाला हात लावला नाय, साहेब. आठला कुलूप लावलं. भोरसाहेब लवकर गेले, त्यांच्याकडं ते लांब नळकांडं व्हतं, नकाशाचं."

"आणि बाकीचे?"

"सातला गेले."

"सगळे?"

काळूने झाडू उचलला आणि कुठलं तरी काम आठवल्यासारखा निघून गेला.

नळकांडंवाले भोर म्हणजे धोंडीराम भोर, मोजणी खात्यातले ड्राफ्ट्समन, बढतीसाठी प्रमाणपत्र हवं म्हणून वर्गाला आलेले. त्यांच्या बायकोचा भाऊ सोमा आसणओहोळात राही, आणि त्या चौदा तुकड्यांपैकी सहांवर आज सोमाचं भात उभं राही. सोमाने कागदोपत्री काहीच घेतलं नव्हतं. नुसता दर वर्षी नांगर दोन हात पुढे सरकवला होता. नकाशा नाहीसा झाला तर सगळ्यांत गाढ झोप कोणाला लागेल, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

सुभेदार भर उन्हात भोरांच्या घरी गेले. नळकांडं दारामागेच उभं होतं. त्यांनी न विचारता त्याचं झाकण काढलं आणि आतला गुंडाळलेला कागद अर्धा बाहेर ओढला.

कागदावर आसणओहोळचा ओढा होता.

३

तो ओढा निघाला वर्गपाठातल्या छापील शीटचा. भोर घामाघूम झाले होते, पण त्यांनी काही लपवलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी जुन्या नकाशाचं ट्रेसिंग काढलं होतं खरं. मेहुण्याने गळ घातली होती, सरळ बघून सांग, माझं किती जातंय.

"मी नेऊन दाखवलं. सहाही तुकडे त्यांचेच. मी तोंडावर सांगितलं त्याला," भोर म्हणाले. "सोमानं ते ट्रेसिंग माझ्यासमोर चुलीत घातलं. मूळ नकाशाला मी हात लावलेला नाही, सर. मोजणीतला माणूस आहे मी. मूळ नकाशा फाडायला हात धजत नाही हो."

सुभेदारांचा या बोलण्यावर विश्वास बसला, आणि बसला म्हणूनच त्यांची आणखी निराशा झाली. शिवाय ती नाडी होती. मोजणी खात्यातला माणूस दप्तराला लाल फितीची मधोमध करकचून गाठ मारतो. वर्गात दातारांनी दहादा ओरडूनही भोरांची ती सवय गेली नव्हती. ते वेष्टन भोरांच्या हातचं नव्हतं.

दुपारी तीनला ते संग्रहालयात परतले आणि चोर कोण हा प्रश्न बाजूला ठेवून नुसतं बघत बसले. फौजेत त्यांना हेच शिकवलं होतं, की टेहळणीत काय हललं ते बघावं.

टिपकागदाचा गठ्ठा हलला होता. सोमवारी पंचवीस टिपकागदांचं नवं पुडकं फोडलेलं, आता त्यात नऊ उरले होते, आणि शुक्रवारच्या प्रात्यक्षिकात टिपकागदाचं काही कामच नव्हतं. अंधाऱ्या खोलीतलं फोटो धुवायचं मोठं पांढरं तबक फळीवर पालथं ठेवलेलं होतं. काळू ते कधीच पालथं घालत नसे. त्याबद्दल तो दातारांच्या शिव्या खाई. तबक घासूनपुसून लख्ख होतं.

सुभेदार गुडघ्यावर बसले. मोरीच्या जाळीत बोट घातलं, बोट बाहेर काढलं, आणि दाराशी येऊन उजेडात पाहिलं.

बोटाला फिकट लाल रंग लागला होता.

त्यांना गुरुवारची संध्याकाळ आठवली, आणि कधी नव्हे ती स्वतःच्या आवाजाची भीती वाटली.

४

गुरुवारी त्यांनी कालव्याची गोष्ट सांगितली होती. ती ते दर वर्षी सांगत. पासष्टच्या लढाईत पाठीला नकाशा बांधून ते रात्री एक कालवा पोहून गेले होते, आणि पलीकडे जाऊन उलगडतात तो रेघ न् रेघ जागच्या जागी. वर्गाच्या टिपणांत त्यांनी ते वाक्य छापूनही घेतलं होतं: सर्वेक्षणाचे नकाशे चायना इंकने काढतात, ही शाई पाण्याने जात नाही. गोष्ट रंगली, मुलं हसली. तास संपल्यावर सायकल स्टँडवर सिंधुबाईंनी त्यांना काहीतरी विचारलं होतं. बस गाठायची घाईही नव्हती, सायकल तर हाताशीच होती. पण गोष्ट रंगल्याची धुंदी होती. अर्धवट ऐकून, मोठ्याने हसून, ते टांग मारून निघून गेले होते.

रविवारी सकाळी ते सिंधुबाईंच्या वसाहतीत पोचले. सिंधुबाई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होत्या, तिशीच्या. घरात त्यांची आई नवसाबाई आणि त्या, दोघीच. मूळ गाव आसणओहोळ. चौदांतलं एक घर त्यांचं.

सिंधुबाईंनी दार उघडलं आणि सुभेदारांकडे बघून बाजूला झाल्या. डोळे सुजलेले. त्यांनी पाणी आणून दिलं आणि समोर उभ्या राहिल्या, शाळेत चुकलेली मुलगी उभी राहते तशा.

"बसा, बाई," सुभेदार म्हणाले. "मी सांगतो, चुकलं तर थांबवा."

मग त्यांनी एकेक करून सांगितलं. नकाशा पळवून ज्याचा फायदा, त्याने तो पळवला असता तर वेष्टनात रद्दी कोंबली असती, किंवा काहीच नाही. इथे रिकाम्या कागदाखालीही टिश्यू होता, कापूर होता, कडेला बो होतं. म्हणजे हे हात जपणारे होते, वर्गात सगळ्यांत नीट शिकलेले, आणि घाबरलेलेही. घाबरल्यावर माणूस अंगवळणी पडलेलंच करतो. सोळा टिपकागद म्हणजे ओला मोठा कागद सुकवणं. मोठं तबक म्हणजे धुणं. मोरीतला लाल रंग म्हणजे रेघा. काळूने शुक्रवारी सातनंतर पाण्याचा आवाज ऐकला असणार, पण त्याच्या मुलीला शाळेत प्रवेश तुम्हीच मिळवून दिला, म्हणून तो बोलला नाही.

"नकाशाच्या घडीवर काळी बुरशी होती," सुभेदार म्हणाले. "तीन नावं वाचता येत नव्हती. मागच्या तारखेला साहेबानं बजावलं होतं, चौदाही नावं वाचता आली पाहिजेत. बरोबर?"

"तीन नावांत एक आमचं," सिंधुबाई म्हणाल्या. "दातार सर म्हणाले, हात लावू नका. पण पुस्तकात दिलेलं होतं, स्वच्छ पाण्यात भिजवून बुरशी सुटते म्हणून. मी आधी तुम्हाला विचारलं, सर."

सुभेदारांनी मान खाली घातली. आता त्यांना तिचं वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. सर, हे शाईचं जुन्या, हाताच्या नकाशांनाही लागू का? आणि आपलं हसणं. अहो बाई, नकाशा तो नकाशा.

जुन्या गावनकाशांची शाई घरी घोटलेली असे, काजळ आणि डिंकाची. तांबड्या रेघा लाखेपासून काढलेल्या रंगाच्या; दोन्ही पाण्यात विरघळणारे. हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. वीस वर्षांपूर्वी कुठेतरी वाचलेलं होतं. पण छापील आणि फौजी नकाशांपलीकडे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि वर्गात उभं राहून मला ठाऊक नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"दोन मिनिटांत पाणी लाल झालं," सिंधुबाई म्हणाल्या. "मी उचलला तर ओढा गेलेला होता. मग आंब्याचा बांध. मी नुसती बघत राहिले, सर. हातात धरून बघत राहिले."

त्यांनी ट्रंकेतून टिपकागदांची चळत काढली. त्यात तो नकाशा होता. कापडावर डकवलेला मळकट, फिकट गुलाबी, कोरा कागद. सुभेदारांनी पालथा केला. पाठीवर लाखेच्या दोन थरांमध्ये, चायना इंकने लिहिलेला आकडा तेवढा ठणठणीत होता. तीनशे सदतीस.

सुभेदारांना हुंदका आवरला नाही. आतल्या खोलीतून नवसाबाईंनी विचारलं, कोण आलंय गं, आणि सिंधुबाईंनी मधलं दार लोटून घेतलं.

मग सुभेदारांनी डोळे पुसले, आणि सवयीने कागद खिडकीकडे धरला.

कागदात उजेडाचे टिपके होते.

५

जुने नकाशानवीस नक्कल काढताना मूळ नकाशा नव्या कागदावर ठेवून प्रत्येक कोपऱ्यावर सुई टोचत. मग खालच्या कागदावर टिपके जोडत. या नकाशावरूनही कधीतरी कोणीतरी नक्कल काढली होती, आणि शेताशेताच्या कोपऱ्यावर सुईचं भोक ठेवून गेलं होतं. पाण्याने रंग नेला होता. भोकं तेवढी शिल्लक राहिली होती.

सोमवारी अकराला सुभेदार, सिंधुबाई आणि नवसाबाई कचेरीत गेले. दातारांना सुभेदारांनी सगळं सांगितलं होतं. दातार आले नाहीत, नुसतं पत्र दिलं की क्रमांक तीनशे सदतीस हा आमच्याकडचा आहे. भोरांना सुभेदारांनी हात जोडून विनवलं होतं, तुम्ही ट्रेसिंग काढलंय, तुम्ही रेघा पाहिल्यात, येऊन सांगा. भोर येतो म्हणाले होते. त्यांची वाट बघत अर्धा तास गेला. ते आले नाहीत.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने कागद उलटसुलट पाहिला.

"हा नंबर कुठल्या शेताचा?"

"शेताचा नाही, साहेब. संग्रहालयाचा."

सुभेदारांनी नकाशा खिडकीच्या काचेवर धरला आणि सुई टोचायची पद्धत समजावून सांगितली. नकाशे शिकवून त्यांना कधी इतकी धाप लागली नव्हती. उन्हात टिपके उजळले: ओढ्याचं वळण, आणि त्याच्या काठाने एकाला एक लागून चौदा चौकोन. कचेरीतले दोन कारकूनही उठून बघायला आले.

नवसाबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांना मोतीबिंदू होता. त्यांनी बोटानेच भोकं चाचपली आणि बोट एका चौकोनापाशी थांबलं.

"हे भिकाचं. ह्याच्यात आसणाचं झाड व्हतं. हे धोंडाबाईचं. हे पाणथळ, इथं भात लय यायचं, हे माझ्या सासऱ्याचं. ह्याच्या वरचं यशोदाबाईचं, तिला पोर नव्हतं." त्या चौदाही सांगत गेल्या. एकदाही अडखळल्या नाहीत.

कारकुनांपैकी एकजण नकळत मान डोलावत होता. सिंधुबाईंनी सुभेदारांकडे पाहिलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि सुभेदारांना ती बघवेना.

अधिकारी खिडकीपासून वळला. मग जाऊन खुर्चीत बसला.

"आजी, तुम्ही सांगता ते खरं असेल," तो हळू आवाजात म्हणाला. "पण भोकावर नाव नसतं. मी काय लिहू? वर जाऊन कोणी विचारलं, नावं कुठं आहेत, तर काय दाखवू?"

"मला दाखवा की," नवसाबाई म्हणाल्या.

त्याने पेन उचललं आणि लिहिलं: मूळ नकाशा वाचनीय नाही. दावा नामंजूर.

बाहेर आल्यावर नवसाबाईंनी लेकीला विचारलं, झालं का गं आपलं? सिंधुबाई म्हणाल्या, झालं, आई. आणि त्यांनी आईची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

६

मंगळवारी संध्याकाळी दातारांनी हानी-नोंदवही टेबलावर उघडून ठेवली. त्यात रकाने होते: क्रमांक, वस्तू, हानीचं स्वरूप, हानीचं कारण. दातारांचा चेहरा दगडासारखा होता. बाईंचं नाव लिहावं लागेल, ते म्हणाले; प्रमाणपत्र विद्यापीठ रोखेल, त्याला इलाज नाही.

वर्गात दहाजण आले होते. भोर आले नव्हते, पुढेही ते कधी आले नाहीत. सिंधुबाई आल्या होत्या. मागच्या बाकावर बसून त्या समोर वही उघडून होत्या आणि वहीत काहीच लिहीत नव्हत्या. धरणाचं काम थांबलं नव्हतं. भिंत पावसाळ्याआधी पुरी होणार असं कालच वर्तमानपत्रात आलं होतं.

सुभेदारांनी टिपणांचा गठ्ठा घेतला आणि दहाही प्रतींतलं ते वाक्य एकेक करून खोडलं. मग वर्गाला सांगितलं, की मी गुरुवारी चुकीचं शिकवलं. कुठलं ते सांगितलं. का चुकलं तेही सांगितलं. कालव्याची गोष्ट खरी आहे, पण ती मी पुन्हा सांगणार नाही. कोणी हसलं नाही.

नंतर ते दातारांच्या टेबलाशी गेले, लाखेची बाटली आणि चायना इंकची दौत पुढे ओढली. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: निवृत्त सुभेदार सहादू धात्रक यांचं चुकीचं शिकवणं. त्यावर, वस्तूंवर देतात तसा, लाखेचा पातळ हात फिरवला.

दातार बघत होते. "नोंदवहीला कोणी चायना इंक वापरतं का, सुभेदार? साधं पेन आहे की."

सुभेदार लाख वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत राहिले.

"पाण्यानं जायला नको," ते म्हणाले.